ग्वाल्हेरच्या दुधातले जिवंत प्रथिन कोण मोजणार?

१३ एप्रिल २०२५ रोजी भोपाळमध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, मध्य प्रदेशचा राज्य सहकारी दूध महासंघ आणि त्याच्याशी संलग्न सहा दूध संघ यांच्यात करार झाला. केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा त्या वेळी उपस्थित होते. भोपाळ, इंदूर, उज्जैन, जबलपूर, बुंदेलखंड आणि ग्वाल्हेर या सहा संघांचे व्यवस्थापन पाच वर्षांसाठी आणंदच्या मंडळाकडे सोपविण्यात आले. 'साँची' हे विक्रीचे नाव मात्र कायम राहिले. देशाच्या एकूण दुधापैकी सुमारे ९ टक्के दूध देणारे हे राज्य उत्पादनात तिसऱ्या क्रमांकावर आहे, पण त्यातला सहकारी संघांकडे येणारा वाटा अगदीच किरकोळ. तो वाढवायचा, हा कराराचा उघड हेतू. केंद्राच्या 'श्वेतक्रांती २.०'चे लक्ष्यही तेच आहे : २०२८-२९ पर्यंत सहकारी संस्थांचे दूधसंकलन दिवसाला १,००७ लाख किलोंवर न्यायचे.

संकलनाच्या जोडीने अशा प्रत्येक प्रसंगी आणखी एक शब्द उच्चारला जातो, तो म्हणजे मूल्यवर्धन. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा पनीर, श्रीखंड, सुगंधी दूध आणि आइस्क्रीम इथवर येऊन थांबतो. न्यूझीलंड किंवा नेदरलँड्ससारख्या देशांतील दुग्धउद्योग याच्या फार पुढे गेले आहेत. ते दुधातून लॅक्टोफेरिन वेगळे काढतात, चिकातील प्रतिपिंडांची भुकटी करतात, स्निग्धकणांभोवतीचे पातळ आवरण अलग करून ते शिशुआहारात घालतात. ही प्रथिने पोट भरण्यासाठी विकली जात नाहीत. ती काही विशिष्ट काम करतात म्हणून विकली जातात, आणि हे काम प्रक्रियेनंतरही चालू राहिले तरच त्यांना किंमत मिळते. ग्वाल्हेर-चंबळ भागाने या वाटेने जायचे ठरवले, तर प्रश्न यंत्राचा कमी आणि मोजमापाचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूल्यवर्धनाचे बोल गोव्यातही दुधाबाबत आणि मासळीबाबत सतत ऐकू येतात. तेव्हा दूरच्या या उदाहरणाचा आपल्यालाही उपयोग आहे.

काम करणारे प्रथिन आणि नुसते पोषक प्रथिन यांतला फरक समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. खरवसाचे भांडे पुरेसे आहे. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिल्या दोनतीन दिवसांत जे दाट, पिवळसर दूध येते तो चीक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत जो खरवस होतो, त्याला उत्तरेत खीस किंवा पेवसी म्हणतात. पहिल्या धारेच्या चिकात नेहमीच्या दुधाच्या चारपाच पट प्रथिने असतात आणि त्यांतला मोठा भाग प्रतिपिंडांचा. म्हणून तर गूळ-वेलची घालून वाफवल्यावर तो अंड्याच्या बलकासारखा घट्ट बसतो. प्रथिनाचा रेणू म्हणजे विशिष्ट रीतीने घडी घातलेली लांबलचक साखळी. उष्णतेने घडी मोडते, मोकळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि वडी पडते. खाणाऱ्याचे त्यात काहीच बिघडत नाही, पोषण जसेच्या तसे राहते. पण जंतू ओळखून त्याला पकडण्याचे प्रतिपिंडाचे जे काम, ते त्या घडीवर अवलंबून होते. ते संपलेले असते.

ही घडी किती नाजूक असते, याचा अंदाज एका व्यावहारिक उदाहरणावरून येतो. मोठ्या गोठ्यांत वासरांना पाजण्याचा चीक ६० अंश सेल्सियसवर तासभर ठेवून निर्जंतुक करतात. तेवढ्याने बहुतेक रोगजंतू मरतात आणि प्रतिपिंडे बव्हंशी टिकतात. तोच चीक दुधाच्या रूढ पाश्चरीकरणाप्रमाणे ६३ अंशांवर अर्धा तास ठेवला, तर प्रतिपिंडे लक्षणीय घटतात आणि चीक दाटू लागतो. सारा खेळ तीन अंशांचा. चिकाच्या भुकटीचा कारखाना काढायचा म्हटले, तर वाहतूक, साठवण, चरबी काढणे, सुकवणे या प्रत्येक टप्प्यावर हे तीन अंश सांभाळावे लागतात.

यांपैकी चरबी काढण्याच्या टप्प्यावर सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचे तंत्र उपयोगी पडते. सोड्याच्या बाटलीतला हा साधा वायू. त्याचे तापमान ३१.१ अंशांच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पटींच्या वर नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. वायूसारखा तो सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. चरबी आणि कोलेस्टेरॉल त्यात विरघळते. प्रथिने विरघळत नाहीत. प्रत्यक्ष कामात २०० ते ४०० बार दाब आणि ३५ ते ६० अंश तापमान वापरतात. दाब उतरवला की वायू उडून जातो, चरबी खाली राहते आणि मालात विद्रावकाचा अंशही उरत नाही. चरबी काढण्याची जुनी रीत हेक्झेनची. ते ६९ अंशांच्या आसपास उकळते आणि मालातून त्याचा शेवटचा अंश घालवण्यासाठी आणखी उष्णता द्यावी लागते. चिकातल्या प्रतिपिंडांना ती सोसणारी नाही.

भारताला हे तंत्र नवे नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक ममता मुखोपाध्याय यांनी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने नैसर्गिक अर्क काढण्यावर लिहिलेला ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला, आणि दक्षिणेत मसाल्यांचे अर्क या पद्धतीने काढले जातात. पण मिरी-आल्याचा अर्क काढताना सगळे लक्ष वायूबरोबर बाहेर येणाऱ्या मालाकडे असते. मागे उरलेल्या चोथ्याचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. प्राणिज पदार्थांत हिशेब उलटतो. वायूने नेलेली चरबी गौण, भांड्यात उरलेले प्रथिन हाच माल. फ्रान्समधील संशोधकांनी १९९०च्या दशकात रोपणासाठीच्या हाडांतील चरबी याच वायूने काढली. हाडात नवे हाड वाढवण्याची प्रेरणा देणारी प्रथिने असतात, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले होते. चरबी काढताना ती निकामी झाली, तर रोपण म्हणजे नुसता सांगाडा उरतो. अंड्याच्या बलकाचे आणि मासळीच्या भुकटीचेही तसेच. तेव्हा मसाल्यांच्या अर्कातला अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

आता ग्वाल्हेरकडे वळू. भिंड, मुरैना आणि पलीकडे आग्रा-इटावा हा भदावरी म्हशीचा मूळ प्रदेश. तांबूस रंगाची, मध्यम बांध्याची ही म्हैस दूध फार देत नाही, पण तिच्या दुधात सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास आणि क्वचित तेरा टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असतो. तिच्या जतनाचे काम ग्वाल्हेरहून शंभरेक किलोमीटरवरच्या झाशीत, भारतीय चारा संशोधन संस्थेत चालत आले आहे. अशा दुधाच्या प्रदेशात तुपाचा व्यापार वाढणे ओघानेच आले. आणि जिथे तूप आहे तिथे लोणी काढल्यावर उरणारे ताकही मुबलक असणार. मलई घुसळताना स्निग्धकणांचे आवरण फुटते आणि त्यातला बराचसा भाग या ताकात उतरतो. मलईपासून काढलेल्या लोण्याचे हे ताक आपल्या डेअऱ्यांत बहुधा इतर दुधात मिसळून किंवा भुकटी करून संपवतात. नेदरलँड्स किंवा अमेरिकेत ज्याला वेगळा दर मिळतो, तो हाच ऐवज.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली हेच ताक आधी सूक्ष्म गाळणीतून गाळले, मग त्याच्या भुकटीतील उरलीसुरली चरबी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने काढली. साधी चरबी गेली. आवरणातील फॉस्फोलिपिडे आणि प्रथिने मागे राहून त्यांचे प्रमाण वाढले. चंबळच्या दुधाला हे उदाहरण चिकापेक्षा जास्त लागू पडते. कारण चीक पातळ असताना त्यातली बहुतेक चरबी साध्या मलई-यंत्राने, फारशी उष्णता न देता, वेगळी करता येते. तिथे २०० बार दाबाची पोलादी भांडी आणणे म्हणजे अंगणातले गवत काढायला ट्रॅक्टर लावणे. ताकाच्या भुकटीत मात्र उरलेली चरबी आवरणाच्या तुकड्यांत अडकलेली असते. ती फिरवून निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. या तंत्राची जाहिरात 'सौम्य प्रक्रिया' अशी केली जाते आणि ती अर्धी खरी आहे. तापमान कमी असते, हे खरे. पण प्रथिनाचा शत्रू एकटे तापमान नाही. पहिला धोका ओलाव्याचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होते. सोडा जिभेला आंबट लागतो तो त्यामुळेच. शेकडो बार दाबाखाली ओल्या मालाची आम्लता लिंबूपाण्याच्या जवळ जाते. दुधातील केसीन त्याआधीच फाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात याच वायूने दूध फाडून केसीन काढण्याचे प्रयोग केले होते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड ओल्या पदार्थांतले जंतू आणि एन्झाइमे निकामी करण्यासाठी वापरतात, ते उगीच नाही. तोच वायू कोरड्या भुकटीतील प्रथिनांना जवळजवळ धक्का लावत नाही. म्हणजे सौम्यपणाचे श्रेय वायूइतकेच आधीच्या सुकवणीचे आहे; माल ओला असेल तर सौम्य वायूच घातक ठरतो.

दुसरा धोका दाब उतरवण्याचा. घाई केली की वायू झपाट्याने प्रसरण पावतो, भांडे गोठणबिंदूखाली जाते आणि कणांच्या आत शिरलेला वायू बाहेर पडताना रचना फाडतो. दाब चढवण्या-उतरवण्याच्या फेऱ्या जितक्या अधिक आणि उतरण जितकी वेगवान, तितकी एन्झाइमांची शक्ती घटते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. कारखानदाराला मात्र दिवसाला जास्तीत जास्त फेऱ्या हव्या असतात, कारण यंत्र महाग आणि काम घाण्यासारखे, एक भरा मग दुसरा भरा. इथे अर्थशास्त्र आणि प्रथिन उघड उघड आमनेसामने येतात. तिसरा धोका मोहाचा म्हणावा असा. निव्वळ कार्बन डायऑक्साइड फॉस्फोलिपिडे नीट उचलत नाही, म्हणून त्यात थोडे इथेनॉल मिसळण्याची पद्धत आहे. उतारा वाढतो, पण अल्कोहोल प्रथिनाची घडी मोडण्यात उष्णतेच्या खालोखाल तरबेज आहे. ताकाच्या भुकटीत तर फॉस्फोलिपिडे मागेच ठेवायची असतात. तेव्हा इथेनॉलचे नाव काढण्याचे कारण नाही.

आणि या तिन्हींच्या आधीचा, सर्वांत मोठा धोका यंत्रापर्यंत माल येण्यापूर्वीच घडून गेलेला असतो. आपल्याकडे मलई ८० अंशांच्या वर तापवून मगच लोणी काढण्याचा प्रघात आहे, आणि जंतूंच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण त्या उष्णतेत निवळीतील प्रथिने मोडून स्निग्धकणांच्या आवरणाला चिकटतात. असे ताक पुढे कितीही हळुवार हाताळले, तरी आवरणातली प्रथिने मूळ रूपात मिळत नाहीत. गावात धार काढल्यापासून थंड करण्याच्या टाकीपर्यंत दूध किती वेळ उघड्या कॅनमध्ये तापते, यावरही बरेच अवलंबून असते. ग्वाल्हेरचा मे-जून ४५ अंशांच्या आसपास जातो. जंतू वाढले की त्यांची एन्झाइमे प्रथिने कुरतडू लागतात. शेवटच्या टप्प्यावरचे कोट्यवधींचे यंत्र पहिल्या टप्प्यावरच्या बर्फाची उणीव भरून काढू शकत नाही.

सरकारी पैसा मात्र यंत्राकडे सहज वळतो. जून २०२०मध्ये केंद्राने १५,००० कोटी रुपयांचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी जाहीर केला. त्यात प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि व्याजात ३ टक्के सवलत मिळते. इमारत, टाकी, यंत्र दाखवता येते, त्याचे उद्घाटन करता येते. उरलेल्या प्रथिनात किती प्राण शिल्लक आहे, याच्या तपासणीचे उद्घाटन कोणी करत नाही.

दुधाचा आपला सारा व्यवहार आकड्यांवर चालतो, आणि हे आकडे जिवंत-मृत असा भेद करत नाहीत. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ बघून दर ठरतो. कारखान्यात प्रथिन मोजायचे ते योहान केल्दाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाच्या १८८३ सालच्या पद्धतीने : मालातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.३८ने गुणायचे. पद्धत उत्तम आहे, पण तिच्या लेखी ताजे प्रतिपिंड आणि खरवसाची वडी सारखीच. इतकेच काय, प्रथिन नसलेला नायट्रोजनही तिला चालतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच फटीतून. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि त्यांतली सहा दगावली.

चंबळला हा इतिहास परका वाटू नये. जुलै २०१९मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने मुरैना जिल्ह्यातील अंबाह आणि भिंड जिल्ह्यातील लहार येथे कृत्रिम दूध तयार करणाऱ्या ठिकाणांवर छापे घातले. त्यानंतर तत्कालीन राज्य सरकारला भेसळीविरुद्ध मोहीमच उघडावी लागली. रिफाइंड तेलाने फॅट आणि कसल्या कसल्या भुकट्यांनी एसएनएफ जुळवणारा भेसळखोर रसायनशास्त्र शिकलेला नसतो. संकलन केंद्रावरचा परीक्षक काय मोजतो आणि काय मोजत नाही, एवढे त्याला ठाऊक असते. उद्या याच भागातून 'प्रतिपिंडयुक्त चीक-भुकटी' किंवा 'आवरण-प्रथिनयुक्त ताक-भुकटी' नायट्रोजनच्या आकड्यावर विकली जाऊ लागली, तर पहिल्या काही महिन्यांत प्रामाणिक उत्पादक दिवाळे काढील, कारण जपून केलेला माल आणि भाजून काढलेला माल यांचा भाव एकच असेल. ग्राहकाच्या पदरात महागडी साधी भुकटी पडेल.

मोजण्याची साधने नाहीत, असे नाही. चिकातील प्रतिपिंडांचा अंदाज घेण्यासाठी जगभर ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि कोल्हापूरचा ऊसवाला हे उपकरण खिशात घेऊन फिरतो. गाईच्या चिकाचे ब्रिक्स २२च्या वर असेल तर लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर प्रतिपिंडे आहेत, असे ढोबळमानाने धरतात. म्हशीसाठी वेगळा आकडा ठरवावा लागेल. हे साधन गावपातळीवर चांगला आणि पातळ चीक निवडायला पुरते. मात्र ते विरघळलेला घन भाग मोजते. घडी शाबूत आहे की नाही, हे त्याला कळत नाही. कारखान्यातून निघालेल्या भुकटीची परीक्षा प्रतिजन-प्रतिपिंड अभिक्रियेवर आधारलेल्या चाचण्यांनीच करावी लागते. त्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत रोज होतात. दुग्धव्यवसायात रोज होत नाहीत, एवढेच.

आणि याबाबत ग्वाल्हेर दरिद्री नाही. जिवाजीराव शिंदे यांच्या काळात १९४७ साली तिथे औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्यातून पुढे उभी राहिलेली संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, डीआरडीई, १९७३पासून त्या नावाने रासायनिक आणि जैविक संरक्षणाचे काम करते. डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या निदानसंचांचे काम तिथे झाले. प्रथिनाची ओळख प्रथिनानेच पटवण्याचे कसब या शहरात आहे. १९६४चे जिवाजी विद्यापीठ आहे, २००८चे राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आहे. पशुवैद्यकाचे विद्यापीठ मात्र जबलपूरला आहे, आपल्या हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाचे. दूध एका खात्याकडे, शेती दुसऱ्याकडे, जनावर तिसऱ्याकडे आणि चाचणीचे ज्ञान संरक्षण खात्याच्या कुंपणाआड, असा हा मांडणीचा घोळ आहे. आणंदच्या मंडळाने या पाच वर्षांत यांना एका टेबलाशी बसवले, तरी ती नव्या टाक्यांहून मोठी मिळकत ठरेल.

चिकाबाबत आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या व्याख्येनुसार दूध चीकविरहित असावे लागते. त्यामुळे विल्यानंतरच्या पहिल्या दिवसांचे दूध सहकारी संघाच्या वहीत येतच नाही; ते घरात खरवसाला जाते, शेजाऱ्यांत वाटले जाते किंवा हलवायाकडे जाते. त्याला कारखान्याचा दर मिळू लागला, तर पहिला तोटा पारडाचा. रेडकू किंवा वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात, आणि आतडे त्यांना सुमारे चोवीस तासच वाट देते. त्यातले पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. म्हशीच्या नर पारडाचे आपल्याकडे आधीच काय हाल होतात, हे गोठा पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. चीक खरेदीचा दर जाहीर करण्याआधी पहिल्या धारांचा चीक पारडाचाच, हा नियम आणि तो पाळला जातो हे पाहणारी माणसे नेमावी लागतील. हे जमणार नसेल, तर चिकाची भुकटी नको. ताकापासून सुरुवात करावी. त्यात कोणाच्या तोंडचा घास जात नाही.

अशी किंमत लावणे आपल्याला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी रत्नागिरीकडे पाहावे. कोकणच्या किनाऱ्यावर राणी माशासारख्या मासळीपासून सुरिमी तयार होऊन निर्यात होते. मासळीचा खिमा गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात, मग गोठवण्याआधी त्यात साखर किंवा सॉर्बिटॉल मिसळतात. ही युक्ती जपानच्या होक्काइदो बेटावर १९६०च्या सुमारास सापडली. साखर चवीसाठी नसते; गोठताना मायोसिन या प्रथिनाची घडी मोडू नये म्हणून असते. आणि परदेशी ग्राहक सुरिमीचा भाव ठरवतो तो मुख्यतः तिच्या घट्ट बसण्याच्या ताकदीवर, म्हणजे प्रथिन अजून आपले काम करते का, यावर. मासळी बोटीवर किती वेळ बर्फाविना पडली, हे त्या एका आकड्यात उघडे पडते. त्यामुळे बर्फ वापरणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो. दुधाच्या प्रथिनांना असा आकडा लावायला तंत्राची अडचण नाही. खरेदीदाराने तो मागितला पाहिजे.

गोव्यात आपण याच्या नेमका उलटा धडा घेतला. जुलै २०१८मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनच्या संशयाने जी खळबळ उडाली, तिने काही दिवस परराज्यांतील मासळीची आयात बंद पाडली. फॉर्मेलिन प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडून टाकते. मासा ताजा दिसतो, आत काहीच ताजे उरत नाही. नायट्रोजन मोजला, तर तो फॉर्मेलिन लावलेल्या माशातही पूर्ण भरेल. त्या घटनेनंतर चर्चा झाली ती बहुतेक बंदी, परवाने आणि नाक्यांवरील तपासणीची. कुटबण किंवा मालीमच्या जेटीवर बर्फाची सोय किती आहे, आणि बर्फात आणलेल्या मासळीला लिलावात वेगळा भाव मिळतो का, हा प्रश्न मागेच पडला.

गोव्याचे दूध थोडे आहे, गरजेचा मोठा हिस्सा शेजारच्या राज्यांतून येतो, आणि कामधेनू योजनेतून आणलेल्या गाईंचे अनुदान वेळेवर मिळावे इतकीच शेतकऱ्याची माफक मागणी असते. तिथे २०० बारच्या यंत्राचे स्वप्न कोणी पाहू नये. पण जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी संशोधन संस्था आहे, दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि कुर्टीला राज्याच्या सहकारी संघाचा प्रकल्प आहे. मासळीच्या टाकाऊ भागांपासून काही मौल्यवान काढण्याचा प्रस्ताव यांपैकी कोणाकडून आला, तर त्यात यंत्राच्या किमतीच्या आधी दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : माल जेटीवरून किती तापमानाला, किती तासांत येणार, आणि तयार भुकटीतील प्रथिनाचे काम कोणत्या चाचणीने, कोण तपासणार.

ग्वाल्हेरच्या कराराची पाच वर्षे २०३०मध्ये पुरी होतील. किती लाख लिटर संकलन वाढले, याचा आकडा तेव्हा नक्की प्रसिद्ध होईल. संघाच्या ताकाचे काय झाले आणि भदावरीच्या दुधाला फॅटपलीकडे कशाचा दर मिळाला, हे त्याच अहवालात पुढच्या पानावर आहे का, ते पाहायचे.